यंत्र परदेशचे, वीज घरची

परदेशातून आलेले कोणतेही विद्युत्-उपकरण उलटे करून पाहिले, तर त्याच्या पाठीवर एक लहानशी पट्टी चिकटवलेली आढळते. संगणकाला वीज पुरविणाऱ्या पेटीवर तर ती असतेच. तीवर बहुधा एवढाच मजकूर असतो : १०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्‌झ. संगणक घेणारा गृहस्थ किंमत विचारतो, वेग विचारतो, स्मृतीची क्षमता विचारतो. या पट्टीकडे मात्र त्याची दृष्टी क्वचितच वळते. आणि आज ती वळली नाही तरी फारसे बिघडत नाही. परंतु हे दोन-चार आकडे एकाच पट्टीवर शेजारी-शेजारी लिहिता यावेत यासाठी जगाला जवळजवळ शंभर वर्षे खर्ची घालावी लागली. परमुलखाचे पाणी माणसाला मानवत नाही असे आपल्याकडे म्हणतात. परमुलखाची वीजही यंत्राला तशीच मानवत नसे. ज्या देशात यंत्र जन्मले त्या देशाची वीज त्याच्या अंगात मुरलेली असे, आणि ज्या देशात ते नांदावयास आले तेथील वीज त्याला परकी वाटे. भारतात गणकयंत्रे आली ती या अडचणीसह आली. त्यांचा इतिहास लिहिताना गणिताची, संशोधनाची व राजकारणाची हकीकत सांगितली जाते; भिंतीतील सॉकेटची हकीकत बहुधा राहून जाते.

ही हकीकत समजण्यासाठी विजेचे दोन गुण ध्यानात घेतले म्हणजे पुरे. पहिला गुण दाबाचा. पाण्याची टाकी जितकी उंचावर, तितके पाणी नळातून जोराने येते; विजेचा हा जोर व्होल्टमध्ये मोजतात. भारतातील घरात तो २३० व्होल्ट असतो, अमेरिकेत १२०, जपानात १००. दुसरा गुण वारंवारतेचा. आपल्या घरातील वीज एकाच दिशेने वाहत नाही; ती सतत पुढे-मागे हेलकावे खात असते. भारतात अशी आवर्तने दर सेकंदाला ५० होतात, अमेरिकेत ६०. एका सेकंदातील एका आवर्तनालाच आज हर्ट्‌झ म्हणतात. दाब चुकला तर यंत्र जळते, आणि ते लगेच समजते. वारंवारता चुकली तर यंत्र अनेकदा चालू राहते, परंतु चुकीचे चालते. आणि ते समजण्यास वेळ लागतो. म्हणून या दोन चुकांपैकी दुसरी अधिक फसवी होय.

पन्नास का आणि साठ का, याला निसर्गाचा कोणताही नियम कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात विजेचे कारखानदार आपापल्या सोयीने आकडे ठरवीत होते. आवर्तने फार कमी ठेवली तर दिव्याचा प्रकाश डोळ्यांना फडफडताना दिसे. फार वाढविली तर त्या काळच्या मोठ्या मोटरींना व लांबच्या तारांना ती सोसत नसत. अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीने साठ हा आकडा पसंत केला, जर्मनीतील ए.ई.जी. कंपनी पन्नासावर स्थिरावली. खुद्द अमेरिकेत नायगारा धबधब्यावर १८९५ साली जे वीजघर सुरू झाले, त्याची वीज मात्र पंचवीस आवर्तनांची होती. एकदा जनित्र बसले, की त्याच्या वारंवारतेला जुळणाऱ्या मोटरी गावोगाव बसत. मोटरी बसल्या, की पुढचे जनित्रही त्याच वारंवारतेचे घ्यावे लागे. अशा रीतीने पहिल्या खरेदीची निवड पुढील पिढ्यांवर बंधन होऊन बसे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण जपानचे. टोकियोच्या वीज कंपनीने १८९५ च्या सुमारास जर्मनीहून ए.ई.जी.ची जनित्रे मागविली. ती पन्नास आवर्तनांची होती. ओसाकाच्या कंपनीने त्यानंतर लवकरच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून जनित्रे घेतली; ती साठ आवर्तनांची होती. दोन व्यापाऱ्यांनी केलेल्या या दोन खरेद्यांनी एका देशाचे विजेच्या दृष्टीने दोन तुकडे केले. आजही जपानच्या पूर्वेस पन्नास व पश्चिमेस साठ आवर्तनांची वीज आहे. मार्च २०११ च्या भूकंपात व सागरी लाटांत पूर्वेकडील वीजघरे बंद पडली, तेव्हा पश्चिमेकडे वीज असूनही ती पूर्वेला पुरेशी धाडता आली नाही. कारण दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या रूपांतर-केंद्रांची एकूण शक्ती त्या वेळी अवघी सुमारे १००० मेगावॉट होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झालेल्या खरेदीची किंमत एका संकटाच्या दिवशी अशी मोजावी लागली.

भारतातही आरंभी एकवाक्यता नव्हती. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ साली जलविद्युत् निर्माण झाली. कलकत्त्यात १८९९ साली जी वीज आली ती एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे एकदिश प्रवाहाची होती. म्हैसूर संस्थानात कावेरीच्या शिवसमुद्र धबधब्यावर १९०२ साली अमेरिकन यंत्रे बसली आणि सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली. ती वीज नायगाराप्रमाणेच पंचवीस आवर्तनांची होती. मुंबईच्या गिरण्यांसाठी टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळ्याच्या परिसरात पावसाचे पाणी अडविले आणि ते पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीस सोडून १९१५ साली वीज निर्माण केली. ती पन्नास आवर्तनांची. ब्रिटनमध्येही त्या काळी गोंधळच होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एकट्या लंडन शहरात दहा निरनिराळ्या वारंवारतांची वीज वापरात होती असे सांगतात. १९२६ च्या कायद्यानंतर तेथे पन्नास आवर्तनांचे एक राष्ट्रीय जाळे उभे राहू लागले, आणि ब्रिटिश माल वापरणाऱ्या भारतातही तोच आकडा दृढ होत गेला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यान्वये राज्यांची वीज मंडळे स्थापन झाली, आणि निरनिराळ्या शहरांचे विखुरलेले पुरवठे क्रमाक्रमाने एका मानावर आले.

वारंवारता चुकली म्हणजे काय होते, हे गणकयंत्रापूर्वी दोन घरगुती वस्तूंनी लोकांना शिकविले. पहिली वस्तू विजेचे घड्याळ. भिंतीवरच्या अशा घड्याळातील मोटर आवर्तने मोजून काटे फिरविते. साठ आवर्तनांसाठी केलेले अमेरिकन घड्याळ भारतातील विजेवर लावले, तर त्याला सेकंदाला पन्नासच आवर्तने मिळतात, आणि ते दर तासाला बरोबर दहा मिनिटे मागे पडते. दुसरी वस्तू ग्रामोफोन. अमेरिकेहून आणलेल्या विजेच्या ग्रामोफोनची तबकडी भारतात सहात पाच या प्रमाणात मंद फिरे. त्यामुळे गाणे नुसते रेंगाळत नसे. सूरही तीन अर्धस्वरांहून किंचित अधिक उतरे. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा आवाज पांढरी चारच्याही थोडा खाली जाई. बाजारातून दाब उतरविणारे रोहित्र आणून २३० व्होल्टचे ११० केले, तर ग्रामोफोन जळत नसे हे खरे. पण सूर उतरलेलाच राही. रोहित्र दाब बदलते, आवर्तने बदलू शकत नाही. ही साधी गोष्ट न कळल्यामुळे लोक रोहित्रावर रोहित्र बदलीत आणि दोष यंत्राला देत.

रोहित्राचीही स्वतःची एक अडचण असते. त्याच्या लोखंडी गाभ्यात चुंबकत्व उभे राहते, आणि आवर्तने मंद झाली की प्रत्येक हेलकाव्यात ते अधिक साचते. साठ आवर्तनांसाठी काटकसरीने केलेले रोहित्र पन्नास आवर्तनांवर लावले, तर दाब योग्य असूनही त्याचा गाभा चुंबकत्वाने भरून जातो, ते गुणगुणू लागते, तापते, आणि काही महिन्यांनी त्याच्या वेष्टनाची राख होते. पहिल्या दिवशी सुरळीत चाललेले यंत्र उन्हाळ्यात अचानक का बंद पडले, याचे कारण कित्येकदा येथे सापडे.

या पार्श्वभूमीवर गणकयंत्रे भारतात आली. भारतात आलेले पहिले अंकीय गणकयंत्र म्हणजे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने घेतलेले एच.ई.सी. टू-एम. संस्थेचे प्रमुख प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने १९५५ साली ते ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीकडून आणविले गेले. त्याच्या मागे लंडनच्या अँड्र्यू डोनल्ड बूथ यांची रचना होती, आणि त्याची स्मृती एका फिरत्या चुंबकीय ढोलावर साठविलेली असे. ते चालविण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण घेण्यासाठी संस्थेचे अभियंते आधी इंग्लंडला जाऊन राहिले होते. यंत्रासोबत माहितगार माणसेही तयार ठेवावी लागतात, ही दूरदृष्टी त्या खरेदीत होती. १९५८ च्या अखेरीस त्याच संस्थेत संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने सोव्हिएत रशियाचे उराल यंत्र आले. पेन्झा येथे बशीर रामेयेव यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेले हे यंत्र सेकंदाला सुमारे शंभर क्रिया करी. आणि त्याचा चुंबकीय ढोलही सेकंदाला शंभर फेरेच घेई. ढोलाचा एक फेरा म्हणजे गणिताची एक पायरी. अशा यंत्रात मोटरीची गती आणि गणिताची गती यांत अंतर नव्हते. ग्रामोफोनची तबकडी मंद झाली तर गाणे बिघडे. येथे ढोल मंद झाला तर हिशोबच मंदावे.

कलकत्त्याच्या या दोन्ही यंत्रांचे एक भाग्य होते. ब्रिटन आणि रशिया यांचे राजकारणात कितीही वाकडे असले, तरी दोघांच्याही विजेला आवर्तने पन्नासच होती. आणि त्यांचा दाबही भारतातील दाबाच्या जवळचा होता. दोन परस्परविरोधी गोटांतून आलेली यंत्रे भारतीय विजेच्या दृष्टीने एकाच घरची होती.

अमेरिकन यंत्रांची गोष्ट निराळी. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकन विद्यापीठांच्या सहकार्याने, आय.बी.एम. १६२० हे यंत्र आले आणि तेथे एका पिढीने गणकयंत्राचे पहिले धडे घेतले. १९६४ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अमेरिकन साहाय्यातून कंट्रोल डेटा कंपनीचे ३६०० हे त्या काळी फार मोठे मानले जाणारे यंत्र बसले. साठ आवर्तनांच्या देशात जन्मलेल्या अशा यंत्रांसाठी दोनच मार्ग होते. एक, कारखान्याकडून पन्नास आवर्तनांसाठी वेगळ्या मोटरी, वेगळे पट्टे व वेगळी रोहित्रे बसवून घेणे. दुसरा मार्ग मोटर-जनित्राचा. गावची वीज घेऊन मोटर फिरवावयाची, त्या मोटरीला जोडलेले जनित्र फिरवावयाचे आणि त्यातून हवी त्या दाबाची, हवी त्या वारंवारतेची नवी वीज काढावयाची. हा उपाय केवळ परदेशातच लागे असेही नव्हे. अमेरिकेतील अनेक मोठ्या यंत्रांना खुद्द अमेरिकेतही सेकंदाला चारशे आवर्तनांची वीज अशाच मोटर-जनित्रातून द्यावी लागे. कारण आवर्तने वाढली की रोहित्रे लहान होतात आणि वीज अधिक सपाट करता येते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीत आलेले क्रे एक्स-एम.पी. हे महासंगणकही याच जातीचे होते.

मोटर-जनित्राचा आणखी एक गुण भारतात विशेष उपयोगी पडे. येथील वीज नावापुरती २३० व्होल्टची असे. संध्याकाळी गावभर दिवे लागले की दाब खाली येई, मध्यरात्री गिरण्या थांबल्या की वर जाई, आणि मधूनच क्षणभर नाहीशी होई. फिरत्या जनित्राचा जड भाग आपल्या वेगाच्या बळावर असे लहानसहान धक्के गिळून टाकी. व्हॉल्व्हच्या यंत्राला विजेचा क्षणभराचा झटका म्हणजे तासाभराच्या गणिताचा नाश. म्हणून गणकयंत्राच्या दालनाशेजारी वातानुकूलनाची खोली आणि तिच्याशेजारी विजेची खोली, असा तीन खोल्यांचा संसार त्या काळी मांडावा लागे. पाहुणे येत ते पहिली खोली पाहून जात. उरलेल्या दोन खोल्यांतील माणसांचे कष्ट कोणाच्या दृष्टीस पडत नसत.

याच काळात मुंबईत एक वेगळा प्रयत्न झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी गणकयंत्र स्वतःच बांधावयास घेतले. १९५६ साली त्याची लहान प्रतिकृती चालू लागली, १९६० साली पूर्ण यंत्र कार्यान्वित झाले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह, १७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. देशात न होणारे सुटे भाग परदेशातूनच मागवावे लागत. परंतु त्या भागांना जोडणारी, त्यांना वीज पुरविणारी रचना येथे, येथील विजेसाठी केलेली होती. हा भेद सूक्ष्म वाटला तरी महत्त्वाचा आहे. तयार यंत्र विकत घेणाऱ्याला परदेशी विजेचे गृहीतही विकत घ्यावे लागे. सुटे भाग घेऊन जोडणाऱ्याला ते गृहीत स्वतः ठरविता येई. टिफ्रॅक जगातील नव्या यंत्रांच्या मानाने लवकरच जुने झाले. त्याचे बांधकाम करताना जी माणसे तयार झाली, ती मात्र जुनी झाली नाहीत.

सुटे भाग मागविणे हीदेखील सोपी गोष्ट नव्हती. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली परवाना हवा; १९५७ च्या सुमारास परकी चलनाची तीव्र टंचाई झाली, तेव्हापासून प्रत्येक डॉलरचा हिशोब द्यावा लागे. अशा परिस्थितीत चुकीच्या दाबाचा किंवा चुकीच्या वारंवारतेचा भाग मागविला गेला, तर नुकसान केवळ त्या भागाच्या किमतीएवढे नसे. पुन्हा अर्ज, पुन्हा परवाना, पुन्हा बोट, पुन्हा जकात. आणि तोवर लाखो रुपयांचे यंत्र स्वस्थ. मागणीपत्रावर ‘५० आवर्तने’ हे दोन शब्द लिहावयाचे राहिले, तर त्यांची किंमत वर्षभराच्या खोळंब्याने मोजावी लागे. १९७८ साली आय.बी.एम. कंपनी भारत सोडून गेली, आणि तिच्या यंत्रांची देखभाल सी.एम.सी. या सरकारी संस्थेकडे आली. परदेशी यंत्राचा पोशिंदा निघून गेल्यावर ते जगवावयाचे कसे, हा प्रश्न तेव्हा प्रत्यक्ष समोर उभा राहिला. आणि ज्यांनी त्या यंत्रांच्या विजेसह सर्व अंगे जाणून घेतली होती, त्यांच्याच हातून तो सुटला.

मधल्या काळात वीज पुरविण्याच्या पद्धतीतच मोठे स्थित्यंतर होत होते. जुन्या पद्धतीत भिंतीतून आलेली वीज प्रथम जड रोहित्रात जाई, तेथे तिचा दाब उतरे, मग तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर होई. नव्या पद्धतीत हा क्रम उलटला. वीज आत येताच ती प्रथम एकदिश केली जाते. म्हणजे पन्नास आणि साठ यांतील भांडण दाराशीच मिटते. मग अर्धवाहकांच्या साहाय्याने तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतात आणि ते तुकडे एका चिमुकल्या रोहित्रातून नेऊन हवा तो दाब काढतात. अंतराळयानांत व लष्करी उपकरणांत ही कल्पना आधीपासून होती. १९७७ साली आलेल्या अ‍ॅपल-टू या घरगुती संगणकासाठी रॉड होल्ट यांनी तिचा उपयोग केला आणि पुढे सर्व व्यक्तिगत संगणकांनी ती उचलली. जड रोहित्र गेले, पंख्याची एक लहान पेटी आली.

नोव्हेंबर १९८४ च्या धोरणाने भारत सरकारने संगणकांच्या व त्यांच्या भागांच्या आयातीवरील बंधने सैल केली. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगलोरचा एस.पी. रस्ता, मद्रासची रिची स्ट्रीट, या बाजारांत परदेशी भागांची दुकाने भरू लागली. पुण्यानागपुरात, इंदूरबडोद्यात, अमेरिकेहून सुटीवर येणाऱ्या मुलाच्या पेटीत साड्या-खेळण्यांबरोबर संगणकाचा एखादा भाग असे. त्या भागांतील वीजपुरवठ्याच्या पेटीच्या पाठीशी एक लहानशी लाल कळ असे. एका बाजूस ११५, दुसऱ्या बाजूस २३०. अमेरिकेतून आलेल्या पेटीची कळ साहजिकच ११५ वर असे. ती न सरकविता पेटी भारतातील सॉकेटला लावली, की आत काय होई हे समजून घेण्यासारखे आहे. ११५ च्या जागी कळ असताना पेटीतील मंडल आलेला दाब दुप्पट करून घेते, म्हणजे दोन्ही देशांत शेवटी सुमारे ३२५ व्होल्टचाच एकदिश दाब मिळतो. त्याच जागी २३० व्होल्ट आले, की तेही दुप्पट होऊन दाब ६५० च्या घरात जातो. प्रत्येकी दोनशे व्होल्ट सोसण्यासाठी केलेल्या दोन धारित्रांवर प्रत्येकी सव्वातीनशे व्होल्ट येऊन पडतात; क्षणात मोठा आवाज होतो, धूर निघतो, आणि समुद्रापलीकडून जपून आणलेली वस्तू निकामी होते. बोटभर कळीवर दोन खंडांतील अंतर उभे होते. पुढे दाब आपोआप ओळखून घेणारी मंडले आली, कळ नाहीशी झाली, आणि १०० ते २४० व्होल्ट असा मजकूर पट्टीवर आला.

तथापि सर्वच अडचणी त्या पट्टीने मिटविल्या असे समजू नये. जेथे विजेचे काम उष्णता देण्याचे आहे तेथे जुना नियम अजून लागू आहे. लेझर छपाईयंत्रात शाई कागदावर पक्की करण्यासाठी एक तापणारा रूळ असतो. म्हणून त्या यंत्रांच्या ११० आणि २२० व्होल्टच्या जाती आजही निराळ्या असतात. दाब दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि तेथे कोणतीही युक्ती चालत नाही. प्लगचीही गोष्ट अशीच. भारतातील तीन गोल पिनांचा प्लग ब्रिटनच्या १९३४ च्या मानकातून आला. खुद्द ब्रिटनने महायुद्धानंतर, १९४७ साली, चौकोनी पिनांचा प्लग स्वीकारला आणि घराघरांतून जुना काढून टाकावयास आरंभ केला. भारताने मात्र ब्रिटनचा जुना प्लग जपून ठेवला. परदेशी यंत्राचा प्लग भारतीय सॉकेटमध्ये बसावा म्हणून दोन रुपयांचा जो जोड विकला जाई, त्यात तिसरी, म्हणजे जमिनीशी जोडणारी पिन अनेकदा नुसती शोभेची असे. यंत्र चाले, परंतु त्याच्या धातूच्या पेटीला हात लागला की मुंग्या येत. ती मुंगी म्हणजे सुटून गेलेल्या तिसऱ्या तारेची आठवण होय. २०१२ साली केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी करणारा आदेश काढला, आणि पुढे त्याखाली अ‍ॅडॉप्टर व वीजपुरवठ्याच्या पेट्या सुरक्षिततेच्या भारतीय कसोटीस उतरल्याखेरीज विकता येणार नाहीत असे ठरविले.

यंत्रे भारतीय विजेशी जुळवून घेऊ लागली त्याच काळात भारतीय वीजही आपल्याआपल्यांत जुळून येत होती. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत देशाची जाळी पाच विभागांत तुटलेली होती, आणि वारंवारता पन्नासावर क्वचितच स्थिर राहत असे. मागणी वाढली की ती एकोणपन्नासाच्याही खाली घसरे. विजेवर चालणाऱ्या घड्याळांना त्या दिवसांत आपापल्या प्रांताची वेळ असे म्हटले तरी चालेल. २००२ पासून वारंवारता बिघडविणाऱ्याला दंड व सावरणाऱ्याला लाभ देणारी दरपद्धती अमलात येऊ लागली. २००६ साली उत्तरेचे जाळे पूर्व व पश्चिमेच्या जाळ्यांशी जोडले गेले. आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी सांधले. त्या रात्रीपासून काश्मीर ते कन्याकुमारी मुख्य जाळ्यावरील सर्व जनित्रे एकाच तालात फिरू लागली. शिवसमुद्राचे पंचवीस, कलकत्त्याचा एकदिश प्रवाह आणि खोपोलीचे पन्नास यांपासून निघालेला प्रवास सोलापूरच्या माळावर पुरा झाला, असे म्हणता येईल. जपानला दोन खरेद्यांनी जे दुभंगले ते अजून सांधता आलेले नाही. भारताला त्यासाठी शतकाहून अधिक काळ लागला, पण ते साधले.

परदेशातून यंत्र घेणे हा व्यवहार बंदरावर किंवा विमानतळावर संपत नाही, हे या साऱ्या हकीकतीचे तात्पर्य होय. यंत्राबरोबर त्याच्या देशाची सवयही घरात येते, आणि ती सवय ओळखून तिला आपल्या घराची ओळख करून देणारा जाणता माणूस लागतो. कलकत्त्याहून शिकावयास गेलेले अभियंते, मोटर-जनित्राच्या खोलीत रात्र काढणारे कामगार, मागणीपत्रावर आवर्तनांचा आकडा न विसरता लिहिणारा कारकून आणि लॅमिंग्टन रस्त्यावर गिऱ्हाईकाला लाल कळ सरकवून दाखविणारा दुकानदार, हे सर्व त्या एकाच कामाचे भागीदार होत. आजच्या यंत्राच्या पाठीवरील पट्टी त्यांच्यातील काहींचे काम स्वतःच करते. तरीही सॉकेटला वायर लावण्यापूर्वी ती पट्टी एकदा वाचून पाहावी. त्यास क्षणभरच लागतो, आणि तो क्षण कधी वाया जात नाही.